खिशातला चाकू

मराठीत ‘हत्यार’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. सुतार कामावर निघाला म्हणजे हत्यारांची पिशवी खांद्याला लावतो. न्हाव्याच्या धोपटीत त्याची हत्यारे असतात. गवंडी सायंकाळी काम आटोपले की आपली हत्यारे धुऊनपुसून ठेवतो. तोच शब्द पोलिसांच्या पंचनाम्यात आला म्हणजे मात्र ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. शब्द एकच, आणि पुष्कळदा वस्तूही एकच. फरक पडतो तो ती वस्तू कोणत्या हेतूने हाती घेतली यामुळे. हा फरक जिच्यात अगदी उघडपणे दिसून येतो, अशी वस्तू म्हणजे खिशात बाळगावयाचा घडीचा चाकू होय. तो कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. पण उत्तर शोधू लागले म्हणजे पोलाद, कायदा आणि माणसामाणसांतला विश्वास या साऱ्यांशी गाठ पडते.

एक काळ असा होता, की खिशात चाकू असणे ही कोणाला सांगण्याजोगी गोष्टच नव्हती. बोरूने लिहिण्याच्या दिवसांत कारकुनाला चाकूवाचून चालत नसे. बोरू तासावयाचा, त्याला चीर पाडावयाची, टोक तिरके छाटावयाचे, आणि ते झिजले की पुन्हा चाकू काढावयाचा. मोडीच्या वळणदार अक्षराची निम्मी किमया त्या चाकूच्या धारेत असे. पुढे टाक आला, पेन्सिल आली. शाळकरी मुलाच्या खिशातल्या चाकूने दिवसा पेन्सिलीला टोक यावे आणि शाळा सुटल्यावर कैरीच्या फोडी व्हाव्यात. शेतकऱ्याने सुतळी तोडावी, गाडीवानाने वादी कापावी, प्रवाशाने आगगाडीच्या डब्यात काकडी चिरून अर्धी शेजाऱ्याला द्यावी, असा तो मामला होता. नंतर बॉलपेन आले, शार्पनर आला, दाढीचे पाते स्वस्त झाले, आणि चाकू खिशातून निघून गेला. तो गेला याची कोणी दखलही घेतली नाही.

आज तो परत येऊ पाहत आहे, पण निराळ्याच वाटेने. ती वाट पाहावयाची तर बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये जावे. शहराच्या आग्नेय अंगाला, सिल्क बोर्डाच्या चौकापासून आगर तलावाच्या बाजूपर्यंत पसरलेली ही वसाहत. होसूर-सर्जापूर रोड या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखून दिलेले सात सेक्टर, सरळ रेषेत जाणारे रस्ते, मधूनमधून उद्याने. सत्ताविसाव्या मुख्य रस्त्यावर खाणावळी आणि दुकाने यांची दाटी; त्याच रस्त्यावर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे आवार; आणि गल्लोगल्ली नव्याने निघालेल्या संगणक व्यवसायाच्या कचेऱ्या. मराठी माणूस या शहराला परका नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी माणसाचे येथे येणे-राहणे चालू आहे. आजचा मराठी तरुण मात्र जहागिरीसाठी येत नाही. तो नोकरीसाठी येतो आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो.

असाच एखादा सोलापूरकडचा तरुण एचएसआर लेआउटमध्ये राहतो, असे समजू. त्याच्या दाराशी रोज पुठ्ठ्याची खोकी येऊन पडतात. कधी तांदूळ, कधी पुस्तके, कधी खुर्चीचे सुटे भाग. प्रत्येक खोक्याला चिकटपट्टीचे वेढे. ते किल्लीने ओरबाडून आणि दातांनी तोडून तो कंटाळतो, आणि एके रात्री चाकू घ्यावयाचे ठरवितो. मोबाइलच्या पडद्यावर शेकडो चाकू हजर होतात. कोणाचे पाते काळेकुळकुळीत, कोणाला करवतीसारखे दाते, कोणाच्या मुठीला बोटांच्या आकाराच्या खाचा. वर्णनांत युद्धाची आणि रानावनाची भाषा. त्यांतला एक तो पसंत करतो. पाते जवळजवळ वीतभर. चार दिवसांसाठी मुलाकडे आलेली आई चष्मा सावरून ते चित्र पाहते आणि विचारते, “अरे, पण तुला कापायचंय तरी काय?”

मुलगा हसतो. मग थोड्या वेळाने म्हणतो, “असू दे ग जवळ. रात्री यायला उशीर होतो.”

आई पुढे काही बोलत नाही. परंतु या दोन वाक्यांत चाकूच्या निवडीचा सारा प्रश्न येऊन गेला. आईने विचारले ते हत्याराचा पहिला अर्थ धरून. मुलाने उत्तर दिले ते दुसरा अर्थ धरून. आधी आईचा प्रश्न घेतला पाहिजे, कारण चाकूची लांबी, त्याचे पोलाद, त्याची मूठ आणि त्याचा खटका ही सारी त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून ठरतात.

कापावयाचे काय, याची एक आठवडाभर टिपणे ठेवावी. खोक्यावरची पट्टी, धान्याच्या पिशवीची शिवण, नव्या सदऱ्याला अडकविलेली प्लास्टिकची दोरी, कुंडीतल्या रोपाला आधार देणारी सुतळी, दुपारी कचेरीत खावयाचा पेरू, पेन्सिल, क्वचित एखादी विजेची तार. शिवणकलेच्या विद्यार्थ्याला यात पुठ्ठा आणि दोरा यांची भर घालावी लागेल. या यादीत सहा-सात सेंटीमीटरांहून लांब पात्याची गरज असलेले एकही काम नाही. खोक्याच्या पट्टीला तर पात्याचे टोक तेवढे लागते. ते अधिक खोल गेले तर आतल्या वस्तूलाच इजा व्हावयाची. पेरू मोठा असला तर तो फिरवून चिरता येतो. शिवाय घडीच्या चाकूत पात्याला लपावयास मुठीवाचून दुसरी जागा नसते. म्हणून पाते लांब तर मूठही लांब. वजन वाढते, खिसा लोंबू लागतो, आणि आठ दिवसांनी तो चाकू टेबलाच्या खणात जाऊन पडतो. जवळ नसलेला चाकू कितीही उत्तम असला तरी निरुपयोगीच. म्हणून पहिला नियम असा सांगता येईल, की मनाला जेवढा हवासा वाटतो त्याहून एक माप लहान चाकू घ्यावा.

लांबीचा दुसरा विचार कायद्याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या करताना आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी बनविलेली वस्तू असे शब्द वापरले आहेत, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या वर्गात घातली आहे. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेल्या सुऱ्यांना तेथेही सूट आहे. नऊ इंच म्हणजे जवळजवळ तेवीस सेंटीमीटर. खिशातल्या चाकूचा तेथपर्यंत संबंधच येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही. ठिकाणपरत्वे नियम अधिक कडक असतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटण दाबताच किंवा अन्य यंत्रयुक्तीने उघडणाऱ्या चाकूंवर निर्बंध घातले, आणि तेथे मर्यादा ७.६२ सेंटीमीटर लांबीची व १.७२ सेंटीमीटर रुंदीची आहे. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सणावारी किंवा तणावाच्या प्रसंगी मनाई-आदेश निघतात. त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर सुऱ्या आणि काठ्याही येतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा, हे उत्तम.

बटणाच्या चाकूचा विषय निघाला की रामपूरचे नाव निघतेच. उत्तर प्रदेशातील या गावच्या कारागिरांनी घडीच्या चाकूला एक घाट दिला, आणि हिंदी चित्रपटांनी त्याला कुप्रसिद्धी दिली. पडद्यावर खलनायकाने ‘रामपुरी’ उघडला की त्या आवाजाने चित्रपटगृह स्तब्ध होई. परिणाम असा झाला, की लोकांच्या मनातून कारागिराचे कसब पुसले गेले आणि खलनायकाचा हात तेवढा उरला. १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर त्या राज्यात बंदी आली आणि धंद्याला उतरती कळा लागली. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा धातूचा चाकू स्मारकासारखा उभारण्यात आला. खिशातून गेलेली वस्तू चौकात उभी राहिली! घडीचा चाकू घेणाऱ्याने यातून एवढे ध्यानात ठेवावे, की चाकू कसा दिसतो आणि कसा उघडतो यावर पाहणाऱ्याचे मत ठरते, आणि ते मत चाकूवाल्याला टाळता येत नाही.

म्हणून उघडण्याची रीत साधी असावी. पात्याच्या अंगावर नखाएवढी खाच असते. एका हाताने मूठ धरावयाची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पाते बाहेर ओढावयाचे. या रीतीला दोन्ही हात लागतात आणि थोडा वेळ लागतो. हे वैगुण्य नव्हे. दोन हात लागतात तेथे थोडा विचारही लागतो. शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने दोर धरून काम करणाऱ्याला एकहाती चाकूची गरज असेल. एचएसआर लेआउटमधील पुठ्ठ्याच्या खोक्याला ती नाही.

उघडलेले पाते उघडेच राहावे यासाठी दोन प्रकारची योजना असते. पहिल्या प्रकारात मुठीच्या पाठीशी पोलादाची एक कमान असते आणि केवळ तिच्या दाबाने पाते जागेवर राहते. उलटा जोर दिला की ते मिटते. फळे, सुतळी, कागद यांसाठी हा चाकू पुरेसा आहे. परंतु तो कधीही भोसकल्यासारखा वापरू नये, कारण टोक अडले की पाते मागे फिरून बोटांवर मिटते. दुसऱ्या प्रकारात खटका असतो. तो दाबल्याशिवाय किंवा बाजूला सारल्याशिवाय पाते मिटत नाही. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला; शेतकरी आणि मेंढपाळ तो वापरू लागले. त्या चाकूला १९५५ मध्ये एक फिरते कडे बसविण्यात आले. कडे फिरविले की पाते अडकून राहते. बस्स, इतकीच युक्ती. जाड पुठ्ठा किंवा ओली फांदी कापणाऱ्याने खटक्याचा चाकू घ्यावा. मात्र खटका म्हणजे बोटांचा विमा नव्हे. खटका झिजतो, त्यात धूळ बसते. पात्याच्या वाटेत बोट ठेवावयाचे नाही, ही शिस्त दोन्ही प्रकारांत सारखीच.

आता पोलाद. याचा विचार बंगळुरात बसून करावयाचा म्हणजे त्याला एक वेगळाच रंग येतो. कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. युरोपातील विद्वानांनी ‘वुट्झ’ या नावाने जे हिंदी पोलाद नावाजले, त्या नावाचे मूळ याच शब्दात असल्याचे सामान्यतः मानले जाते. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडपाला घालून, ती भट्टीत तापवून हे पोलाद तयार होत असे. १८०० साली फ्रान्सिस ब्युकॅनन हा म्हैसूर राज्यात हिंडला तेव्हा त्याने तेथील पोलादाच्या भट्ट्यांचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले. त्याच्या थोडे आधी, मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठविले होते. १७९५ मध्ये जॉर्ज पियर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. परीक्षेसाठी काय घडवावे? तर जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाचा एक तुकडा घेऊन लेखणी तासण्याचा लहान चाकू घडविला, आणि त्याची धार उत्तम पोलादी चाकूच्या तोडीची ठरली. पुढे याच स्टोडार्ट यांच्याबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. ज्या पोलादाच्या तलवारींची कीर्ती जगभर झाली, त्याची कसोटी विद्वानांच्या सभेने एका खिशातल्या चाकूवर घेतली, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

या हकीकतीतून ग्राहकाने घ्यावयाचा बोध असा, की पोलादाचे नाव हे निम्मेच असते. उरलेले निम्मे त्याला ‘पाणी’ कसे दिले यात असते. तापवून थंड करण्याच्या या क्रियेला मराठी लोहाराने ‘पाणी देणे’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. पाणी कमी बसले तर धार वळते, जास्त बसले तर धार तुटते. हा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापाने मोजतात. खिशातल्या चाकूला त्या मापावर छप्पन्न ते साठपर्यंतचा आकडा योग्य. छप्पन्नच्या आसपास पाते लवकर बोथट होते, पण घरच्या दगडावर लवकर धारेवर येते. साठच्या पलीकडे धार पुष्कळ दिवस टिकते, पण एकदा गेली की परत आणावयास हात दुखतात. नवशिक्याने पहिला प्रकार पत्करावा.

दुसरी निवड गंजाची. साधे कर्बयुक्त पोलाद सुरेख धार घेते, परंतु लिंबू किंवा कैरी कापून तसेच ठेवले तर काळे पडते आणि पावसाळ्यात गंजते. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमचे प्रमाण वाढवून न गंजणारे पोलाद तयार केले, त्याचा पहिला मोठा उपयोग जेवणाच्या सुऱ्यांसाठी झाला. रत्नागिरी, पणजी, मुंबई येथील खाऱ्या दमट हवेत राहणाऱ्याने न गंजणारेच पोलाद घ्यावे. बंगळूरची हवा त्या मानाने सौम्य आहे; तेथे कर्बयुक्त पोलादही चालेल, पण काम होताच पाते कोरडे पुसून आठवड्याला तेलाचा एक थेंब देण्याची सवय हवी. ज्याला ही सवय नाही त्याने ती आहे असे स्वतःला सांगून चाकू घेऊ नये.

मुठीच्या बाबतीत शोभेपेक्षा पकड पाहावी. हात ओला असता निसटणार नाही, कडा तळव्याला रुतणार नाहीत, आणि चारही बोटे बसतील इतकी जागा असेल, तर शिसवी लाकूड काय आणि साधे प्लास्टिक काय, दोन्ही सारखीच. पूर्वी शेफील्डचे कारागीर मुठीसाठी भारतातून सांबरशिंगे मागवीत; आता वन्यजीवांच्या संरक्षणाच्या कायद्याने तो व्यापार बंद आहे, तेव्हा कोणी शिंगाची मूठ म्हणून भाव वाढवू लागला तर त्या मोहात पडू नये. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही, असे आपल्याकडे उगीच म्हटलेले नाही.

चाकू हाती आला की चार गोष्टी तपासाव्यात. पाते अर्धे उघडून हलकेच बाजूला ढकलून पाहावे. ते डुगडुगत असेल तर खिळा सैल आहे. मिटलेला चाकू उजेडाकडे धरावा. पाते मुठीच्या बरोबर मध्ये बसले पाहिजे, एका अंगाला घासता कामा नये. उघडताना आणि मिटताना कमानीचा आवाज खणखणीत यावा. आणि मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या बाहेर तसूभरही डोकावू नये, कारण खिशात हात घालणारे बोट आपलेच असते.

पण चाकूची खरी परीक्षा महिन्याभराने होते. पहिली धार कारखान्याची असते. दुसरी धार मालकाची. बोथट चाकू हा धारदार चाकूपेक्षा अधिक घातक, हे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेले पाते निसटले की ते कोठे जाईल याचा नेम नाही. पूर्वी शिकलगार दारावर येई आणि चाकावर धार लावून देई. आता त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरी एक निसणा ठेवावा. दगड ओला करावा, पाते त्यावर आडवे ठेवून पाठ किंचित उचलावी. पाते दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे पाच मिलिमीटर वर राहावी. म्हणजे वीस अंशांचा कोन साधतो. मग दगडाचा पातळ पापुद्रा सोलून काढावयाचा आहे अशा बेताने पाते पुढे सरकवावे. एका अंगाला दहा वेळा, दुसऱ्या अंगाला दहा वेळा. कोन बदलू द्यावयाचा नाही, घाई करावयाची नाही. कागदाचा कपटा हातात धरून तो आवाज न करता चिरला गेला, म्हणजे धार आली. ज्या चाकूला मालकाने स्वतः धार लावली, तो चाकू मग उगाच कोठे विसरला जात नाही.

येथवर आईच्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता मुलाच्या उत्तराकडे वळले पाहिजे. “रात्री यायला उशीर होतो,” या शब्दांत भीती आहे, आणि ती हसून घालविण्याजोगी नाही. परक्या शहरात, अपुऱ्या दिव्यांच्या रस्त्याने, मध्यरात्री घरी चालत येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला खिशात काहीतरी असल्याचा आधार वाटावा, हे स्वाभाविक आहे. अनेक आईबापही याच भीतीपोटी मुलीच्या पर्समध्ये चाकू ठेवतात. परंतु हा आधार फसवा आहे. घडीचा चाकू खिशातून काढावयास, उघडावयास आणि नीट धरावयास जो वेळ लागतो, तो संकट देत नाही. घाबरलेल्या हातातला चाकू हिसकावून घेणे बलवान माणसाला कठीण नसते. आणि झटापटीत पाते कोणाच्या अंगात शिरेल हे कोणालाच सांगता येत नाही. सुरी खरबुजावर पडली काय किंवा खरबूज सुरीवर पडले काय, कापले जाते ते खरबूज. त्यातून, जो चाकू काल खोकी कापण्यासाठी होता, तो आज संरक्षणासाठी म्हणून बाळगला की कायद्याच्या नजरेतही त्याचा अर्थ बदलू लागतो. कारण व्याख्येत आक्रमणाच्या शेजारीच संरक्षण हा शब्द आहे. खिशात चाकू आहे म्हणून जो माणूस एरवी टाळला असता तो रस्ता धरतो, किंवा सोडून दिले असते ते भांडण पुढे नेतो, त्याला त्या चाकूनेच संकटात लोटले असे म्हणावे लागेल. उजेडाचा रस्ता, सोबत, माणसांच्या दिशेने धावत सुटण्याची तयारी, आणि ११२ हा क्रमांक यांचा आधार चाकूपेक्षा खरा आहे.

सैन्याचा दाखला या ठिकाणी बोलका आहे. स्वित्झर्लंडमध्ये इबाख येथे १८८४ मध्ये कार्ल एल्झनर यांनी चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ पासून ते स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवू लागले. सैनिकाच्या त्या चाकूत काय होते? एक पाते, डबा उघडण्याचे साधन, पेच फिरविण्याचे साधन आणि भोक पाडण्याची आरी. डबा उघडून जेवावयाचे आणि पेच सैल करून बंदूक साफ करावयाची, यासाठी तो दिलेला होता. १८९७ मध्ये निघालेल्या त्याच्या हलक्या आवृत्तीवरून पुढे तो चाकू जगभर ओळखला जाऊ लागला. प्रत्यक्ष लढणाऱ्या शिपायाच्या खिशातला चाकूही लढण्यासाठी नव्हता, मग एचएसआर लेआउटमधील संगणकापुढे बसणाऱ्याच्या खिशातला तसा कशासाठी हवा?

चाकू बाळगणाऱ्याने काही रीतीही पाळाव्यात. विमानात हातच्या सामानात तो नेता येत नाही. सोपविण्याच्या मोठ्या पेटीत घालावा. मेट्रोच्या तपासणीत धारदार वस्तू अडविली जाते, तेव्हा त्या दिवशी तो घरी ठेवून निघावे. पहारेकऱ्याशी वाद घालण्यात शोभा नाही, कारण त्याला हजार अनोळखी खिशांची जबाबदारी सांभाळावयाची असते. शाळा, न्यायालय, निवडणुकीची सभा येथे तो नेऊच नये. चार माणसांत चाकू काढावयाचा झाला तर काय कापणार ते आधी बोलून दाखवावे आणि काम होताच मिटवावा. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायका सांगत असत, की चाकू-कात्री कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होते. खाली ठेवावी, ज्याची त्याने उचलावी. भांडणाचे खरेखोटे काही असो, त्या समजुतीने कित्येक बोटे वाचविली असतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात खंडेनवमी असते आणि कर्नाटकात आयुधपूजा. बंगळुरात त्या दिवशी मोटारी आणि दुचाक्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालतात, कोहळे फोडतात, कचेऱ्यांतील संगणकांनाही कुंकू लावतात. ‘आयुध’ या शब्दातही ‘हत्यार’ या शब्दासारखेच दोन्ही अर्थ नांदतात. आणि पूजा करणाऱ्याने त्यांतला कोणता घ्यावयाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकले आहे. कोष्टी धोट्याची पूजा करतो, शेतकरी नांगराची, वाहनचालक चाकाची. ज्याने पोट भरते आणि ज्याने काम होते, ते आयुध.

सोलापूरकडच्या त्या तरुणाने वीतभर पात्याचा चाकू मागविलाच नाही, असे समजू. साडेसहा सेंटीमीटरांचे पाते, पाठीला कमान, साधी लाकडी मूठ, असा एक चाकू तो घेतो. खंडेनवमीच्या सकाळी तो संगणकाशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो आणि त्याचे छायाचित्र आईला पाठवितो. थोड्या वेळाने आईचा फोन येतो. चाकूची किंमत ती विचारीत नाही, पोलाद कोणते हेही विचारीत नाही.

“काय काय कापलंस मग त्याने?” एवढेच ती विचारते.

खोकी, सुतळी, पेरू आणि एक पेन्सिल, असे तो सांगतो.